दख्खनी लोकर: रंगवायची कोणती, लाटायची कोणती आणि शेतात टाकायची कोणती?

माणगंगा (मूळ धागा)

पाऊस सरला की माण, खटाव, सांगोला, जत या पट्ट्यात कातरणी सुरू होते. बिकानेरच्या गालिचा-सुताच्या बाजारासाठी लोकर उचलणारा व्यापारी काळ्या-करड्या मालाला जो भाव देतो, त्यात बऱ्याचदा कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. मग लोकर बांधावर टाकली जाते किंवा पेटवली जाते. 'घोंगडी हा आपला ठेवा' या विषयावर धागे पुष्कळ झाले. इथे फक्त कामाचं लिहूया: प्रमाण, तापमान, काय बिघडतं आणि का.

सुरुवात मी करतो. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनो (मऊ लोकरीची परदेशी जात) नाही आणि होणारही नाही. तंतूची जाडी सरासरी ४० ते ५० मायक्रॉन, मेरिनोची २० च्या आसपास. तंतूचं टोक ३० मायक्रॉनच्या वर गेलं की कातडीला टोचतं, त्यामुळे गळ्यातली शाल आणि स्वेटर या मालातून काढायचा नाद सोडलेला बरा. शिवाय तिच्यात पोकळ गाभ्याचे केसाळ तंतू बरेच असतात. वर्षाकाठी दोन कातरणी मिळून एका मेंढीमागे अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. हे तिन्ही मुद्दे धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

माझ्या मते निम्मं काम कातरतानाच होतं. खाली ताडपत्री अंथरा आणि चार ढीग करा:

- जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरण. सगळ्यात मऊ. ही दुसऱ्या कशात मिसळू नका.
- पाठ आणि खांद्यावरची पांढरी किंवा फिकी. रंगवायची ती हीच.
- पाठीवरची काळी आणि करडी. रंगाविना विकायची.
- पोट, पाय, शेपटीखालची, लेंड्या आणि कुसळं अडकलेली. ही कापडाची लोकरच नव्हे.

कातरण्याच्या एक-दोन दिवस आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन कोरड्या होऊ दिल्या तर माती तिथेच जाते. आणि एकाच जागी दोनदा कातर फिरवू नये. दुसऱ्या फेरीत निघणारे आखूड तुकडे सुतात गाठी करतात आणि विणल्यावर गळत राहतात.

धुणं, रंग, जेन (लोकर लाटून केलेला जाड नमदा), शेती, ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहावं.

---

खळकुंचा

धुण्याचं लिहितो. माझ्या पाहण्यात लोकर सगळ्यात जास्त इथेच वाया जाते.

एक किलो कच्च्या लोकरीला: आदल्या रात्री साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा, २५-३० लिटर तरी हवं. मेंढीच्या घामाचे क्षार गार पाण्यात विरघळतात, त्यांना साबण लागत नाही. ते तपकिरी पाणी गटारात सोडू नका, त्यात पालाश असतं. चौपट साधं पाणी मिसळून झाडांना घाला.

दुसरीकडे १०० ग्रॅम रिठ्याची टरफलं (बी काढून) दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, गाळून घ्या. हा काढा २५ लिटर गरम पाण्यात मिसळा. तापमान ४५ ते ५० अंश. लोकर वरून अलगद दाबून बुडवा आणि २०-२५ मिनिटं तशीच राहू द्या. ढवळणं, चोळणं, पिळणं काही नाही. मग दाबून पाणी काढा आणि तेवढ्याच गरम पाण्यातून दोनदा विसळा.

'तेवढ्याच गरम' हे महत्त्वाचं. गरमातून काढून एकदम नळाखाली धरली की लोकर आटते आणि तिचा गोळा होतो. तंतूवर खवले असतात, ते उष्णता, ओल आणि हालचाल एकत्र आली की एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत.

धुण्याचा सोडा वापरू नये. अल्कलीने लोकरीचं प्रथिन कमकुवत होतं आणि पाणी गरम असेल तर लवकर होतं. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी बहुधा जड, त्यात साध्या साबणाचा साका होऊन लोकरीवर बसतो आणि पुढे रंग डागाळतो. रिठ्याचा साका होत नाही, हा त्याचा खरा फायदा. 'नैसर्गिक' आहे म्हणून नव्हे.

सावलीत जाळीवर पसरून वाळवा. एक किलोची साधारण साडेसहाशे ते आठशे ग्रॅम उरते, माती किती होती त्यावर. रंगाचं सगळं प्रमाण या धुतलेल्या कोरड्या वजनावर धरायचं. कच्च्या वजनावर हिशेब केला की तुरटी हमखास जास्त पडते.

---

हिरडा_बेहडा

खळकुंचांनी वजनाचं लिहिलं ते बरं झालं. त्याच हिशेबाने पुढे, धुतलेली कोरडी पांढरी लोकर १ किलो धरून.

तुरटी चढवणं (रंग तंतूला धरावा म्हणून). लोकर निदान दोन तास भिजलेली हवी, केसाळ असेल तर रात्रभर. कोरडी टाकली की डाग पडतात. पातेलं स्टीलचं, पाणी ३०-३५ लिटर. तुरटी १२० ते १५० ग्रॅम, आधी वेगळ्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून. सोबत ५०-६० ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं) घातलं तर लोकर मऊ राहते आणि रंग उजळ येतो. नसेल तर अडत नाही. पाऊण तासात हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या, तासभर तिथेच ठेवा, मग पातेल्यातच गार होऊ द्या. उकळी नको. तुरटी २० टक्क्यांच्या वर गेली की लोकर हाताला चिकट लागते आणि रंग वाढत नाही.

रंग. त्याच एक किलोला:

मंजिष्ठाची मुळी, भरडून, ५०० ग्रॅम ते १ किलो. रात्रभर भिजवून, ६५ ते ७५ अंशांवर तासभर. विटकरी ते लाल. तापमान वर गेलं की मातकट तपकिरीकडे झुकतो. विहिरीचं जड पाणी इथे उलट चांगलं, चुन्यामुळे लाल खुलतो.

लाख (दाणा), २५० ते ३०० ग्रॅम, कुटून गरम पाण्यात दोन-तीनदा रंग काढून घ्यायचा. राळ खाली राहिली पाहिजे. पाणी मऊ हवं, पावसाचं साठवलेलं उत्तम. किंचित आंबट केलं की किरमिजी येतो, पाण्यात लोह असेल तर जांभळट-काळपट.

डाळिंबाची वाळलेली साल, ४०० ते ५०० ग्रॅम. सांगोल्यात ही फुकट मिळते. पिवळसर खाकी. टॅनिन भरपूर असल्याने टिकाऊ.

झेंडू, वाळवलेली फुलं ५०० ग्रॅम ते १ किलो, हिरवे देठ काढून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात पोत्याने मिळतो. ८० अंशांच्या आत ठेवलात तर पिवळाधमक, उकळलात तर मळकट.

बाभळीची साल ५०० ग्रॅम किंवा कात १५० ग्रॅम: दोन्ही तपकिरी, दोन्ही पक्के.

हिराकस (लोहाचा क्षार). रंग झाल्यावर शेवटी, १ किलोला १५-२० ग्रॅम, ५०-६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, सतत हलवत. डाळिंबावर हिरवट करडा, हिरड्यावर जवळपास काळा. ४० ग्रॅमच्या पुढे गेलात तर लोकर खरखरीत होते आणि काही वर्षांत तुटायला लागते. जुन्या कापडांतले काळे धागेच आधी का झडतात, त्याचं कारण हेच लोह. हिराकशीचं पातेलं आणि काठी कायमची वेगळी ठेवा. तिचा अंश झेंडूच्या पातेल्यात गेला की तो पिवळा परत येत नाही.

मोरचूद (तांब्याचा क्षार) वापरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात. रंग सुंदर येतो, पण उरलेलं पाणी जमिनीला आणि माशांना विषारी. ते टाकायची सोय नसेल तर हात लावू नये.

---

नवखी_रंगारीण

फार उपयोगी! एक विचारते. बीट, जास्वंद, हळद, पळस यांचं कुणीच का लिहीत नाही? यूट्यूबवर तर सगळे तेच दाखवतात. बीटने रंगवलेली लट दोन आठवड्यांत भुरी झाली. तुरटी कमी पडली का?

---

हिरडा_बेहडा

ताई, तुरटीचा दोष नाही. बीटचा रंग कितीही तुरटी घाला, उन्हात आणि धुण्यात जातोच. जास्वंद आणि लाल कोबीचंही तसंच. व्हिडिओ रंगवल्याच्या दिवशी काढतात, म्हणून तिथे छान दिसतं.

हळद लोकरीला तुरटीविनाही धरते, पण उजेडात विटते आणि साबण लागला की तांबडी होते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळीजर्द झालेली घोंगडी काही दिवस उन्हात राहिली की कशी दिसते ते आठवा. पळस केशरी देतो पण उन्हाला कच्चा. शेंदरीचंही तेच.

कुठलाही नवा रंग विकायच्या आधी तीन चाचण्या करा. लट पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धी झाका, दक्षिणेच्या खिडकीत तीन आठवडे ठेवा. दुसरी लट पांढऱ्या सुती चिंधीला बांधून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि चिंधीवर काय उतरतं ते बघा. तिसरी, कोरडं आणि ओलं पांढरं फडकं दहा-दहा वेळा घासून.

---

फणी_आणि_धोटा

सगळं मान्य, पण मूळ धाग्यातल्या 'पांढरीच रंगवा' याला माझा अर्धा विरोध. आपल्याकडे पांढरी आहेच किती? करडी लोकर रंगवून बघा. करड्यावर नीळ (झाडाची, इंडिगो) दिली की जो गडद निळा येतो तो पांढऱ्यावर कधी येत नाही, कारण आतला काळा आणि फिका तंतू वेगवेगळा राहतो आणि रंगाला खोली येते. करड्यावर मंजिष्ठ म्हणजे जुन्या विटेचा रंग. झेंडू आणि डाळिंब मात्र करड्यावर वाया घालवू नयेत, घाणेरडा हिरवट येतो.

अगदी काळीवर काहीही करू नका, याला दुमत नाही. पण एक सांगून विका: नैसर्गिक काळी लोकर उन्हाने तांबूस होते. मेंढीच्या अंगावर असतानाच टोकं तपकिरी झालेली दिसतात. गिऱ्हाईक वर्षभराने 'रंग गेला' म्हणून परत येतं, तो रंग गेलेला नसतो. उलट एखादी घोंगडी एकसारखी कोळशासारखी काळी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं काळं झालं तर तो डबीतला, रासायनिक रंग.

आता लोकर रंगवावी की सूत? दख्खनीसाठी सूत. सुटी लोकर रंगवताना हालचालीने गुठळ्या होतात आणि मग पिंजताना तंतू तुटतात, मुळातच तो आखूड. सुताच्या लडी करा, चार ठिकाणी सैल आठ-आकडी गाठ बांधा, काठीवर टांगून बुडवा. बाजारातल्या मिलच्या सुताला तेल असतं, ते रिठ्याने धुतल्याशिवाय रंग घेत नाही. हातचं चातीवरचं सूत असेल तर पीळ उकलणार नाही एवढं जपा.

आणि पांढरट ठिपके राहिले म्हणून घाबरू नका. पोकळ केसाळ तंतू रंग घेतल्यावरही फिके दिसतात. या लोकरीची ती खूणच आहे, झाकायला जास्त रंग ओतू नका.

---

माणगंगा

करड्याचं पटलं. मूळ धाग्यात 'पांढरी, आणि निळीसाठी करडी' असं वाचावं. पण निळीचं कोण लिहिणार? तिथेच सगळे अडतात.

---

निळा_माठ

लिहितो, जरा लांब होईल.

नीळ पाण्यात विरघळत नाही. माठातला प्राणवायू संपला, तिचं रूप बदललं आणि पाणी अल्कली असलं तरच ती विरघळते, तंतूत शिरते, आणि हवेत आल्यावर परत निळी होऊन आत अडकते. म्हणून तुरटी लागत नाही. आता मेख अशी की सुती कापडाचा माठ चुन्यावर चालतो आणि त्याचा पीएच (आंबट-अल्कलीचं माप) ११ च्या आसपास असतो. त्यात लोकर घातली तर रंग येतो, पण लोकर मरते: आधी चिकट, मग वाळल्यावर ठिसूळ. इंटरनेटवरची 'एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळांची साखर' ही कृती मुळात सुती कापडासाठी चांगली, लोकरीला तशीच वापरू नये.

लोकरीला पीएच ९ ते ९.५. पट्ट्या विकत घ्या, अंदाजाने हे काम होत नाही. ८.५ च्या खाली गेलं की नीळ खाली बसू लागते.

आंबवणीचा माठ, १० लिटरचा:

टाकळ्याचं (तरोट्याचं) बी १०० ग्रॅम, मऊ होईपर्यंत शिजवून, पाण्यासकट. दक्षिणेकडच्या निळीच्या माठांत हे बी फार जुनं. नसेल तर गव्हाचा कोंडा २०० ग्रॅम. नीळ ६० ते ८० ग्रॅम, खलात थोड्या पाण्याबरोबर लोण्यासारखी घोटून. हे घोटणं टाळलं तर निम्मी नीळ तळाशी वड्या होऊन पडते. पाणी बाभळीच्या राखेचं, निवळून वरचं घ्यायचं. ते नसेल तर धुण्याचा सोडा चमच्या-चमच्याने. पीएच सुरुवातीला १० ठेवा, आंबताना तो आपोआप उतरतो.

झाकण लावून उबेत, ३० ते ३५ अंशांवर ठेवा. दिवसातून एकदा हळूच तळापासून ढवळा, भोवरा होता कामा नये, हवा आत जाते. पाच ते दहा दिवसांत वर तांबूस चकाकणारी साय धरते आणि खालचं पाणी पिवळसर हिरवं होतं. झाला तयार. पाणी निळंच दिसत असेल तर नीळ अजून सुटलेली नाही: ऊब कमी आहे किंवा खाद्य संपलंय, थोडा गूळ घाला. वास असह्य कुजका येऊन पीएच ८ वर आला असेल तर राखेचं पाणी घालून लगेच वर आणा.

बुडवताना माठ कोमट, ४० अंशांपर्यंत. लोकर भिजवून, दाबून, हवा काढून अलगद सोडा, तळाच्या गाळाला लागू नये म्हणून मध्ये जाळी ठेवा. दहा मिनिटं. वर काढताना पाणी माठात टपकू देऊ नका, प्रत्येक थेंब हवा घेऊन जातो. पंधरा-वीस मिनिटं हवेत. हिरवी निघते, बघता बघता निळी होते. गडद हवी तर एकच लांब बुडी नको, चार-पाच छोट्या. लांब बुडीने रंग वरवर बसतो आणि पुढे हाताला लागतो.

शेवटी लिटरला १० मिली व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढा, म्हणजे राहिलेली अल्कली मरते. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

हिरवा हवा तर आधी नीळ, मग तुरटी, मग झेंडू. उलट केलं तर माठाची अल्कली तुरटीचा पिवळा उतरवते.

---

नवखी_रंगारीण

वाचूनच दमले, पण कळलं. 🙏 तांबूस साय आणि पिवळं-हिरवं पाणी म्हणजे बिघडलं असं समजून मी माठ ओतणार होते!

---

टाकणखार

रंगाचं खूप झालं. काळी आणि करडी, जी ढिगाने आहे, तिचं काय? मला वाटतं तिचं भविष्य अंगावर नाही, भिंतीवर आणि जमिनीवर आहे.

जेन (काही भागांत बुरणूस). पिंजलेली लोकर गोणपाटावर आडवे-उभे चार थर अंथरायची, गरम साबणपाणी शिंपडायचं, गुंडाळून लाटायचं. एक चौरस मीटर, ५-६ मिमी जाड जेनला किलो ते सव्वा किलो लोकर लागते. आटणं पाव भागाचं धरा, म्हणजे एक मीटरला अंथरताना १.३५ मीटर. दर अर्ध्या तासाने उलगडून नव्वद अंशांत फिरवायचं, नाहीतर एकाच बाजूने आटून पतंगासारखा तिरका होतो. चिमटीत धरून वरचा तंतू एकटा उचलला गेला नाही, तर झालं.

दख्खनी लोकर लवकर धरत नाही. जाड तंतू वाकत नाही, खवलेही बेताचे. तिसरा हिस्सा जावळ किंवा बारीक लोकर मिसळली तर वेळ निम्म्यावर येतो. नुसती काळी घेतली तर दोन दिवस लाटूनही केस गळत राहतात आणि दोष कारागिराला मिळतो.

नीडल पंच. या लोकरीला खरं साजेसं तंत्र हेच. काटेरी सुयांची पाटी पिंजलेल्या थरातून वर-खाली होते आणि तंतू यंत्रानेच अडकवते. खवल्यांची, पाण्याची, साबणाची गरजच नाही, त्यामुळे केसाळपणा आड येत नाही. ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनने आणि राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने जाड लोकरीवर काम केलेलं आहे. गट करून जायचं असेल तर आधी तिथे विचारा, स्वतः यंत्र घ्यायची घाई करू नका. एका वाडीच्या लोकरीवर ते यंत्र महिन्यातून चार दिवसही चालत नाही.

आवाज शोषणारे फलक. रेकॉर्डिंगची खोली, शाळेचं सभागृह, कॉल सेंटर. ५० मिमी जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो लोकर. लाकडी चौकट, मागे भिंतीपासून ५० मिमी मोकळी जागा (ती सोडली की खालचे सूरही शोषले जातात), पुढे सैल विणीचं सुती कापड. कापडाला ऑइल पेंट किंवा प्लास्टिक लावलं की सगळं फुकट, आवाज आत शिरतच नाही. लोकर सहज पेट घेत नाही, ज्योत काढली की बहुधा विझते. साध्या फोमला हे जमत नाही. विकताना हा मुद्दा पुढे करा.

कसर (लोकर खाणारी अळी). जिथे लोकर तिथे कसर. भिंतीतल्या लोकरीला तिच्या वजनाच्या ४-५ टक्के टाकणखार (बोरॅक्स) कोमट पाण्यात विरघळवून शिंपडा आणि न धुता वाळवा. बसायच्या-पांघरायच्या वस्तूला हे करू नका. तिथे कडक ऊन, झटकणं आणि हवाबंद पिशवी. कडुलिंबाच्या पाल्याने अळी मरत नाही, वास आवडला तर ठेवा.

---

खळकुंचा

कसरीवरून आठवलं. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते (चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवलेली). ताण्याचे केस बसवायला आणि कापडाला कडकपणा द्यायला ती लागतेच, पण ती पिठूळ आहे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवली की आधी बुरशी, मग कीड. घेतल्यावर एकदा गार पाण्यात रिठ्याने धुवून, आडवी वाळवून मगच ठेवा. उभी टांगू नका, ओल्या वजनाने लांबते. आणि वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नाही, पाच हाताची घोंगडी तीन हाताची होऊन बाहेर येते.

---

कोरडवाहू

चौथ्या ढिगाबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी. शेपटीखालची, कुसळाची, लेंडीची लोकर. धुऊ नका, पिंजू नका.

शुद्ध लोकरीत नत्र १६ टक्क्यांच्या आसपास, मळक्या लोकरीत माती-ओलीमुळे त्याहून बरंच कमी. सोबत गंधक. पण ते सुटायला महिने लागतात, लोकर जमिनीत सावकाश कुजते. म्हणून युरियाला पर्याय म्हणून बघू नका. पाणी धरून ठेवणं हे तिचं पहिलं काम: लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल तंतूतच शोषते, वर तंतूंच्या मध्ये धरते ते वेगळं.

डाळिंबाला: ठिबकच्या तोटीखाली झाडामागे ३०० ते ५०० ग्रॅम, चार-पाच सेंटीमीटरचा थर, वर दोन मुठी माती, नाहीतर वारा आणि पाखरं घेऊन जातात. खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटून सतत ओल राहिली की बुरशी लागते आणि डाळिंबाला तेवढं निमित्त पुरतं.

कंपोस्टमध्ये एकटी टाकली तर वास मारते, कारण तिच्यात कर्ब नत्राच्या मानाने फार कमी. एक पाटी लोकरीला आठ-दहा पाट्या वाळका पाला किंवा भुसा, लोकर तुकडे करून, थर देऊन. सबंध लोकर टाकलीत तर वर्षाने जशीच्या तशी दोरखंड होऊन निघते आणि कुळवाच्या पासेला गुंडाळते.

दोन खबरदाऱ्या. गोचीड-पिसवांसाठी मेंढ्यांना नुकतंच औषध मारलं असेल तर ती लोकर भाजीपाल्यात वापरू नका. आणि कुसळं, गोखरू, गाजरगवताचं बी लोकरीतून तुमच्या शेतात येतं. लोकर दाबून खताच्या गोळ्या केल्या तर उष्णतेने बरंच बी मरतं, पण पशुखाद्याच्या साध्या गोळी-यंत्रात लांब तंतू अडकून डाय जाम होते. आधी एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे करावे लागतात.

---

नवखी_रंगारीण

शेवटचं. घरी बोअरचं पाणी आहे. लाखेला आणि झेंडूला ते चालेल की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता कसं कळणार?

---

हिरडा_बेहडा

दोन काचेचे ग्लास घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं किंवा विकतचं शुद्ध. दोन्हींत डाळिंबाच्या सालीचा गाळलेला काढा एक-एक चमचा घाला आणि दहा मिनिटं थांबा. दोन्ही पिवळे राहिले तर बिनधास्त वापरा. बोअरचं करडं किंवा शाईसारखं झालं तर पाण्यात लोह आहे: ते हिराकशीच्या रंगांना ठेवा, लाख आणि झेंडू पावसाच्या पाण्यात. जडपणासाठी बाटलीत कपड्याच्या साध्या साबणाच्या वडीचा कीस टाकून हलवा. फेस न होता दही झालं तर त्या पाण्यात मंजिष्ठ करा, लाख नको.